आक्काच्या नावावर काहीच नाही

‘आक्कांच्या नावावर काहीच नाही, त्यामुळे वारसनोंदीसाठी तुम्हाला हेलपाटे मारावे लागणार नाहीत,’ असे तलाठी भाऊसाहेब म्हणाले आणि आबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, सुटकेचा निःश्वास टाकला. बोलणाऱ्याच्या मनात आमच्याविषयी सहानुभूतीच होती, आणि ऐकणाऱ्यालाही त्यात वावगे काही वाटले नाही. आक्काचे, म्हणजे माझ्या आजीचे, दिवसकार्य नुकतेच उरकले होते, माणसे थकलेली होती, एक काम कमी झाले याचा आनंद होणे साहजिकच होते. मी मात्र तेव्हापासून त्या वाक्यापाशीच अडकून बसले आहे. नव्वदी ओलांडेपर्यंत जी बाई त्या रानात राबली, तिच्या जाण्याने त्या रानाच्या कागदावर एक अक्षरही बदलावे लागत नाही, हे मला कसे पचवावे ते कळत नाही.

आज दुपारी वाटणीच्या कामासाठी काढून आणलेल्या जुन्या सात-बाराच्या नकला पुन्हा वाचत बसले. गाव नमुना बारामध्ये वर्षावर्षाची पीकपाहणी आहे. बाजरी, मटकी, हुलगा, रब्बीची ज्वारी, एखाद्या वर्षी बांधाच्या कडेने करडई. माणदेशातल्या कोरडवाहू रानात याहून वेगळे काय येणार? 1972-73 च्या ओळीत ‘पड’ एवढेच आहे. आणि जमीन कोण कसते त्या रकान्यात, ओळीमागून ओळ, एकच नोंद: ‘खुद्द’. दादा, म्हणजे आजोबा, 1969 साली गेले, त्यानंतर आबांचे नाव ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणून लागले, त्यामुळे कागदाच्या हिशेबाने हे खुद्द म्हणजे आबा. परंतु आबा त्या सगळ्या वर्षांत परळला गिरणीत साच्यावर उभे होते. गावच्या यात्रेला आणि दिवाळीला येत, आठ-दहा दिवस राहत आणि परत जात. मग मटकी कोणी उपटली? बाजरीची कणसे कोणी खुडली?

आक्काला औत धरता येत नव्हते, म्हणजे बाईने धरायचे नाही असे होते म्हणून ती धरत नव्हती. त्यासाठी तिने पैरा केलेला होता. ज्यांच्याकडे बैलजोडी होती त्यांच्या रानात ती भांगलणीला आणि काढणीला जायची, आणि त्या बदल्यात ते आमचे रान नांगरून, कुळवून द्यायचे. पेरणीला मात्र चाड्यावर मूठ तिचीच असे. बी एकसारखे सुटले पाहिजे, कुठे दाट नाही, कुठे विरळ नाही, आणि चालत्या पाभरीच्या मागे हाताचा वेग एकदाही चुकता कामा नये. हे काम गावात फार थोड्यांना जमे आणि ज्यांना जमे त्यांत तिचे नाव घेतले जाई. उभे पीक बघून ‘ही मूठ आक्काची’ असे ओळखणारे म्हातारे अजून एक-दोन तरी असतील. रान करून ती घरी यायची ते धार काढायला, आणि पहाटे उठायची ती जात्यावर बसायला. या मधल्या काळात ती कधी झोपायची, हे तिच्या मुलांपैकी कोणालाही सांगता येत नाही. आईला ते सांगता येईल, परंतु आई आणि आक्का हा विषय मी आज काढणार नाही.

कायदा तेव्हाही नव्हता असे नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला मुलांच्या बरोबरीने वारस मानले होते. फेरफार नोंदवताना थोरल्याला कर्ता धरून त्याचे एकट्याचे नाव लावायचे, ही रीत कायद्याहून जुनी होती आणि जवळची होती. यात कोणी आक्काला फसवले असे मी म्हणणार नाही. आबा तर फसवणाऱ्यांतले नव्हेतच. पगार झाला की मनिऑर्डर करायला ते कधी चुकले नाहीत. आक्कानेच ‘त्याचं लावा’ म्हणून सांगितले होते म्हणतात. आत्याच्या हक्कसोडीच्या वेळीही तिनेच सांगितले होते. ते मला आज आठवायचे नव्हते.

मला नक्की कशाचे वाईट वाटते आहे, हा प्रश्न मी स्वतःला पुन्हापुन्हा विचारते आहे. चार-साडेचार एकर बरड जमिनीचा लोभ मला नाही. तिची आठवण पुसली जाईल ही भीती म्हणावी, तर आमच्या घरात दिवसातून दहा वेळा तिचे नाव निघते. तरीही जे सरकारी कागद प्रत्येक बांधाची, प्रत्येक पडीक गुंठ्याची आणि एकेका बाभळीची नोंद ठेवतात, त्यांना इतक्या वर्षांत त्या बांधावरची ही बाई दिसली नाही, याचा सल जात नाही. आपलेच माणूस आपल्याच घराच्या कागदात सापडू नये, यात एक विलक्षण एकटेपण आहे, आणि ते एकटेपण आज तिचे कमी आणि माझे जास्त झाले आहे.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. मी तिला हे सगळे बोलून दाखवले. ती थोडा वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, ‘असं कसं? आक्काचं नाव मस्टरवर होतं की.’

बहात्तरच्या दुष्काळात आक्का पाझर तलावाच्या कामावर होती, हे मला माहीत होते. मस्टरचा, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटाचा, विचार मात्र माझ्या मनात कधी आला नव्हता. त्या दुष्काळात मे 1973 च्या सुमारास राज्यभरात जवळपास 50 लाख माणसे सरकारी कामांवर होती, आणि त्यांच्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. खडी फोडायची, माती वाहायची, मापाप्रमाणे मजुरी घ्यायची आणि सुकडी पदरात बांधून घरी न्यायची. आत्या तेव्हा लहान होती आणि धाकट्या काकांना बाभळीला बांधलेल्या झोळीत झोका देत दिवसभर बसायची. कारकून हजेरी घ्यायचा तेव्हा आक्काचे पूर्ण नाव मोठ्याने पुकारायचा, आणि ते नाव कानावर पडले की आपल्याला उगाचच फार छान वाटायचे, असे आत्या सांगत होती. घरात तिला त्या नावाने हाक मारणारे कोणीच उरले नव्हते. पगाराच्या दिवशी त्याच नावापुढे आक्का अंगठा उठवायची.

याच दुष्काळी कामांच्या अनुभवावर पुढे रोजगार हमी योजनेचा राज्यभर विस्तार झाला. 1977 साली तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. तिची कल्पना मांडणारे वि. स. पागे आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले, हे शाळेत शिकवले तेव्हा मी पाठ करून लिहिले होते. त्या धड्यातल्या ‘मजूर’ या सर्वसामान्य माणसांत आक्का होती, हे मला आज आत्याने सांगितले.

ते मस्टर आता कुठल्याही दप्तरात मिळणार नाही. तरीही मन बरेच हलके झाले. ज्या वर्षी सात-बारावर ‘पड’ लिहिले गेले, नेमक्या त्याच वर्षी तिचे नाव कागदावर होते, आणि तेही राबणारी म्हणून. तिच्या त्या मजुरीवर घर तगले, पुढच्या मृगाला बियाणे आले, आणि जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप होऊन आबा पत्र्याची ट्रंक घेऊन गावी परतले तेव्हा परतायला रान शिल्लक होते. आबांना हे ठाऊक आहे. ते बोलत नाहीत, एवढेच.

आणखी एक कागद मी विसरलेच होते. अन्नसुरक्षा कायदा 2013 साली आला तेव्हा घरातली सर्वांत वडील स्त्री शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख असेल असे त्यात ठरले, आणि आमच्या कार्डावर आबांच्या जागी आक्काचे नाव आले. तेव्हा ती म्हणाली होती, ‘आता व्हय कळलं सरकारला?’ म्हणजे तिच्या जाण्याने बदलावा लागणारा एक तरी कागद आहे. तिचे नाव कमी करण्याचा अर्ज मीच भरणार आहे. मृत्यूचा दाखला सोबत जोडायचा आहे, आणि कुटुंबप्रमुख म्हणून आता थोरल्या काकूंचे नाव लागेल.

जेवणे झाल्यावर मी आबांना विचारले की, वाटणीचे कागद होतीलच, तर त्याच वेळी काकूंचे नाव सात-बारावर तुमच्या बरोबरीने लावता येईल का. पूर्वी शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा कितीतरी गावांतल्या शेतकऱ्यांनी बायकांच्या नावे जमिनी केल्या होत्या. ते वारे आमच्या वाडीपर्यंत पोहोचले नाही. आबा सुपारी कातरत राहिले. काकू भांडी आवरायचे थांबवून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. ‘भाऊसाहेबांना विचारून बघू,’ असे आबा म्हणाले. त्यावर काकूंनी लगेच विचारले, ‘कधी?’