आईची पट्टी

अमेरिकन गायिका आयरिस डिमेंटचा ‘इन्फेमस एंजल’ लावला की शेवटच्या गाण्याला मी हातातलं काम टाकून बसते. 1992 सालचा हा तिचा पहिलाच अल्बम. आणि त्याच्या शेवटी पुढे उभी राहून गाते कोण, तर तिची आई, फ्लोरा मे. गाणं चर्चमधलं जुनं, ‘हायर ग्राउंड’. आवाज म्हातारा, कणखर, जरा नाकातला. लेक नुसती धृपदाला साथ देते.

नगरला आमच्या चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत हेच चालायचं. पेटीवाले काका काळी दोन धरायचे, आई तिला सोयीच्या पट्टीत उचलायची आणि काका मुकाट तिच्यामागे जायचे. ना. वा. टिळकांचं ख्रिस्ती भजन असो की मिशनच्या काळातली इंग्रजी चाल, आई हटायची नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आयरिस 1961ची, अर्कान्सातल्या पॅरागोल्डची, 14 भावंडांत धाकटी. ती तीन वर्षांची असताना घर कॅलिफोर्नियात गेलं, पेंटेकोस्टल चर्च आणि गाणं मात्र बरोबर आलं. आईला तरुणपणी नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्रीत, म्हणजे कंट्री गाण्यांच्या नावाजलेल्या रेडिओ कार्यक्रमात, गायचं होतं, ते राहूनच गेलं. त्यावर लेकीने ‘मामाज ऑप्री’ लिहिलं (मामा म्हणजे आई, आपला मामा नव्हे). त्यात चर्चगीतांची नावंच ओवली आहेत.

पण याच अल्बमचं पहिलं गाणं म्हणजे ‘लेट द मिस्टरी बी’. मेल्यावर माणूस कुठे जातो यावर लोक वाद घालतात, मला ते माहीत नाही, कोडं कोडंच राहू द्या, असं ती चक्क म्हणते. आमच्या पाळकसाहेबांनी उपदेशात दोन रविवार घेतले असते! गंमत म्हणजे चाल अशी, की टाळ्या वाजवत बाकावरून उठावं. मी स्वतः वीस वर्षांत उपासनेला गेलेले नाही, त्यामुळे हे गाणं मला फार जवळचं.

2004मध्ये आयरिसने ‘लाइफलाइन’ हा अल्बम काढला. एक गाणं तिचं, बाकी सगळी जुनी चर्चगीतं. तो मी आईला ऐकवला. शब्द तिला कळत नव्हते, ती भाजी निवडत होती. ‘ब्लेस्ड अशुरन्स’ लागलं तशी म्हणाली, “अगं, ही तर आपली चाल.” आणि मराठीत सुरू झाली, अर्थात स्वतःच्या पट्टीत.