झाडाला हात लावायचा नाही!

मायामीचे बीच, मॉल, बोटीची चक्कर सगळं झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, गर्दी आणि पार्किंगची बोंब एवढंच लक्षात आहे. लिहायचंय ते मायामीजवळच्या होमस्टेडच्या फ्रूट अँड स्पाइस पार्कबद्दल. सदतीस एकरांची बाग, 1944 पासूनची, आणि नियम एकच भारी: झाडावरचं फळ तोडायचं नाही, खाली पडलेलं खुशाल खा.

जानेवारी होता म्हणून ब्लॅक सपोटे ऐन भरात. नाव सपोटे असलं तरी चिकूशी नातं नाही, हे आपल्या टेंभुर्णीच्या खानदानातलं, तीच ती बिडीच्या पानांची टेंभुर्णी. कच्चं असताना इतकं तुरट की तोंडात घालवत नाही. पिकलं की साल मळकट हिरवी होते, देठाजवळची टोपी जरा उचलल्यासारखी दिसते, आणि फळ इतकं मऊ पडतं की खाली आपटलं की निम्म्यांदा पचका. म्हणजे खायचं तर झाडाखाली घुटमळायचं, बरं दिसणारं शोधायचं, मुंग्या झटकायच्या. मला हे जाम आवडलं. दादा मात्र दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता, आणि शेजारी एक ग्रुप काठीने फांदी हलवत होता, का तर पाडलं तरी ते पडलेलंच ना! तिथल्या काकांनी येऊन झापलं तेव्हा कुठे थांबले. अशा माणसांना डब्यातला फ्रूट सॅलडच द्यावा.

मग एक अर्धं फुटलेलं मिळालं. आत काळपट तपकिरी गर, चमच्याशिवाय खायचं म्हणजे हात कोपरापर्यंत बरबटणार. चॉकलेट पुडिंग फ्रूट म्हणून याचा केवढा गाजावाजा, पण चॉकलेटची चव म्हणाल तर शून्य, सौम्य गोड आणि गुळगुळीत, बस. तरी मी तीन खाल्ली. एगफ्रूट मात्र नको रे बाबा. रंग बलकासारखा सुंदर पिवळा, पण एवढं कोरडं की तोठरा बसतो.

खरा चिकूही तिथे आहे, आणि तो मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचाच, डहाणू-घोलवडवाल्यांनी रागावू नये. मामे सपोटे, एगफ्रूट, मिरॅकल फ्रूट ही सगळी त्याची भावकी.

मिरॅकल फ्रूट वहिनीकडे घरीच आहे, कुंडीत. कुंडीत का, तर तिथे हातभर खणलं की चुनखडीचा दगड, आणि या झाडाला आम्लधर्मी माती लागते, नाहीतर लोह मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. जाबुटिकाबाचंही तेच. त्याला म्हणे थेट खोडावर जांभळी फळं लगडतात, पण बी पेरून लावलं तर धरायला आठ-दहा वर्षंही लागतात. वहिनीचं जाबुटिकाबाचं झाड अजून नुसतंच हिरवं. "तुझा दादा विचारतो, हे उपटून लिंबू लावू का? मी म्हटलं, आधी तुम्हाला उपटते," असं ती म्हणाली आणि खरंच चिडली होती.

तर ते मिरॅकलचं नखाएवढं लाल फळ जिभेवर घोळवून चघळायचं, त्यातलं मिरॅक्युलिन नावाचं प्रोटीन जिभेला चिकटून बसतं आणि मग अर्धा-पाऊण तास आंबट ते सगळं गोड लागतं. दादाने लिंबाच्या फोडी एकामागून एक संपवल्या. गोड जिभेला लागतं, पोटाला नाही. रात्री अँटासिड शोधत फिरत होता, आणि वहिनी लिंबाच्या झाडाची आठवण काढून काढून हसत होती.

आईने फोनवर दोन बिया आण म्हणून सांगितलं होतं, पण बिया अशा खिशातून आणता येत नाहीत, इम्पोर्ट परमिट आणि तिकडचं रोगमुक्त असल्याचं सर्टिफिकेट लागतं. ते ऐकून ती म्हणाली, मग गेलीस कशाला.