पेशंट कमी, वंशावळी जास्त

इंग्लंडात न्यूकॅसलला आल्यापासून सांगलीच्या आत्याचा एकच प्रश्न असतो, ‘एवढा एमडी झालास आणि तिकडं उंदीर तपासतोस?’ मिरज-सांगलीत मोठा डॉक्टर म्हणजे ओपीडीबाहेर चपलांचा ढीग. त्या हिशेबानं मी वायाच गेलो. आठवड्यातून एक दिवस क्लिनिक, बाकी लॅब आणि अनुदानाचे अर्ज (अर्जच जास्त).

विषय आहे स्नायूंचे आनुवंशिक आजार. न्यूकॅसलला त्याची जुनी परंपरा आहे; जॉन वॉल्टन आणि नॅट्रस यांनी या आजारांचं वर्गीकरण १९५४ साली इथूनच मांडलं. औषध कधी येणार, असं पालक विचारतात तेव्हा मी एसएमएचं, म्हणजे मज्जारज्जूतल्या चेतापेशी मरत जाऊन स्नायू दुबळे होणाऱ्या आजाराचं, उदाहरण देतो. त्याचं जनुक १९९५ साली पॅरिसमध्ये सापडलं आणि पहिलं औषध, नुसिनर्सेन, अमेरिकेत मंजूर झालं २०१६च्या डिसेंबरात. ड्युशेनचं, म्हणजे मुलांचे स्नायू हळूहळू झिजवणाऱ्या आजाराचं, जनुक तर त्याच्याही आधी, १९८०च्या दशकात बोस्टनला सापडलं, पण त्यावर पूर्ण इलाज अजून नाही.

क्लिनिकमध्ये औषधाआधी वंशावळ काढतात. कोणाला काय झालं, कोण लहानपणी गेलं, आईवडील नात्यातले आहेत का, सगळं विचारायचं. आपल्याकडं मामाची मुलगी करायची रीत, त्यामुळं आई आणि वडील दोघांकडूनही दोष आला तरच होणाऱ्या एसएमए आणि कंबर-खांद्याच्या काही डिस्ट्रॉफींच्या (स्नायू झिजण्याच्या आजारांच्या) बाबतीत हा प्रश्न फार मोलाचा. पण सुट्टीत गावी तोच प्रश्न विचारला की माजघरात शांतता पसरते. मुलींची लग्नं व्हायची असतात ना! मला याचा राग येतो आणि कारणही कळतं.

ड्युशेनचं नातं वेगळं. तो दोष एक्स गुणसूत्रावर असल्यामुळं आईकडून मुलाकडं येतो. पोरगा वारंवार पडतो, जमिनीवरून उठताना हात मांड्यांवर टेकत वर चढतो, पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या. घरातले कौतुकानं म्हणतात, ‘मामावर गेलाय.’ तो मामा विशीत गेलेला असतो आणि दोन्ही गोष्टी कोणी जोडत नाही. उलट एसजीपीटी (लिव्हरच्या तपासणीतलं एन्झाइम) वाढलंय म्हणून पोराला महिनोन्‌महिने लिव्हरची औषधं चालू. ते एन्झाइम स्नायूंतूनही येतं, म्हणून सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, तपासावं लागतं. साधी रक्ततपासणी, सांगलीतही होते.

पूर्ण इलाज नसताना निदान कशाला, हा युक्तिवाद मला पटत नाही. वेळेवर स्टेरॉइड सुरू केलं तर चालणं सहसा काही वर्षं टिकतं, हृदयावर लक्ष ठेवता येतं आणि पुढच्या गरोदरपणाआधी तपासणी करता येते. आणि सुनेला दोष देणाऱ्यांसाठी: साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये हा बदल नव्यानंच घडलेला असतो, आईकडून आलेलाच नसतो.

डिसेंबरात मी सांगलीत आहे. पोराला दाखवायला आणणार असाल तर जुने सीपीकेचे रिपोर्ट आणा आणि जमलं तर त्याच्या मावशीलाही. तिच्या मुलांबद्दल मला विचारायचं आहे.