आमची वाटचाल: सहा ओळींचा चेंडू

आमच्याकडे ओव्हन नाही. 2011 मध्ये घ्यायला पैसे नव्हते, आता घ्यायची इच्छा नाही. 'न भाजता केलेले खेळाचे गोड पदार्थ' अशी ठळक पाटी आहे, तरी पुण्यातल्या कर्वेनगरच्या गाळ्यात रोज एक तरी माणूस "पेस्ट्री आहे का?" विचारून जातो.

सुरुवात 2 एप्रिल 2011 ची. शनिवार होता, वानखेडेवर क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना, आणि आमच्या दोन खोल्यांत मुलीच्या बारा मैत्रिणी. पाडवा दोन दिवसांवर आलेला, त्यामुळे सौ.ने आधीच सांगितलं होतं, पुरणाला हात लावायचा नाही. मग तिने मारी बिस्किटं लाटण्याने चुरली, कोको आणि मिल्कमेड घालून गोळे वळले, ते वितळवलेल्या चॉकलेटमध्ये बुडवले आणि आयसिंगच्या दोन रेघा ओढल्या. झाला चेंडू. धोनीने षटकार मारला तेव्हा ताटात एकच उरला होता, तोही कोणीतरी चावून ठेवलेला.

महिनाभरात सोसायटीतून ऑर्डरी यायला लागल्या. तेव्हाच मागच्या इमारतीतले पंचकाका आले. स्थानिक सामन्यांत पंचगिरी करून निवृत्त झालेले. चेंडू चष्म्याजवळ धरून म्हणाले, "शिवणीच्या सहा ओळी असतात. तुमच्या दोन. रबरी आहे का हा?" मी गप्प. त्यांनी बारा घेतले, पैसे मोजून दिले आणि जाताना पुन्हा म्हणाले, "सहा."

मी भोसरीला टूलरूममध्ये एकवीस वर्षं काढलेला माणूस. दोन शतांशाने जॉब चुकला तर जेवण जात नसे, तिथे चार ओळींचा फरक! साहेबांना विचारून सुट्टीच्या दिवशी लेथवर ॲल्युमिनियमचा मास्टर, म्हणजे साच्यासाठीचा मूळ नमुना, काढला. व्यास 38 मिमी. खऱ्या चेंडूचा घेर 22.4 ते 22.9 सेंटिमीटर असतो, पण तेवढा गोड गोळा खाऊन माणूस सामना बघणार की झोपणार? टाके डिव्हायडिंग हेडवर, म्हणजे नमुना मोजून थोडा थोडा फिरवणाऱ्या साधनावर, एकेक करून घेतले. खरी मेख सांध्याची. दोन अर्ध्या वाट्या जोडल्या की मधे रेघ दिसतेच. मी ती शिवणीतच बसवली, तीन ओळी खालच्या वाटीला, तीन वरच्या. सांधा शोधून दाखवा. मास्टरवर फूड ग्रेड सिलिकॉन ओतून साचे केले, एका साच्यात चोवीस वाट्या, म्हणजे बारा चेंडू. तो मास्टर आजही कपाटात मलमलीत गुंडाळलेला आहे. खंडेनवमीला सौ. त्याला हळदकुंकू लावते.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. लाल रंग पाण्यातला वापरू नका. कंपाउंडमध्ये, म्हणजे वितळवून वापरायच्या चॉकलेटमध्ये, पाण्याचा थेंब गेला की सगळं पातेलं रवाळ होऊन बसतं, मग डोकं आपटून उपयोग नाही. तेलातला रंग बोहरी आळीत मिळतो, महाग पडतो, तोच घ्या. डबल बॉयलरचं वरचं भांडं खालच्यापेक्षा मोठं हवं, नाहीतर कडेने वाफ आत शिरते. आणि बिस्किटं मिक्सरमध्ये पीठ होईपर्यंत फिरवू नका. दाताखाली काहीतरी लागायला हवं.

पुढची दहा-अकरा वर्षं धंदा चालला. नोकरी सोडली, गाळा घेतला, चार बायका कामाला आल्या, मुलीचं लग्न झालं.

2022 मध्ये एक बाई शिकायला आल्या. तीन महिने आमच्याकडे चहा प्यायल्या, सौ.ला ताई ताई म्हणाल्या, आणि चौथ्या महिन्यात दोन गल्ल्या सोडून त्यांची पाटी लागली. चेंडू बारा रुपयांना, आमचा बावीसला. साचा बाजारातला, ओळी दोन. खाल्ल्यावर जीभ गुलाल खेळून आल्यासारखी. त्यावरही लोक आम्हालाच विचारायचे, "तुम्ही त्यांचंच बघून सुरू केलंत का?" अजून आठवलं की घास अडकतो.

मग आलं 2023. 19 ऑक्टोबरला गहुंज्याला विश्वचषकाचा भारत-बांगलादेश सामना झाला. कोहलीचं शतक षटकारानेच पूर्ण झालं आणि सामनाही त्याच फटक्यावर संपला. त्या आठवड्याच्या ऑर्डरींनी माझ्या डोक्यात हवा गेली. हप्त्यावर काचेचा चिलर घेतला.

दिवाळीत बालेवाडीकडच्या एका इव्हेंटवाल्याचा फोन आला. 19 नोव्हेंबरच्या फायनलला सोसायट्यांमध्ये मोठे पडदे लावणार, जिंकल्यावर घरटी वाटायला 4,200 चेंडू हवेत. मी ॲडव्हान्सचं विचारलं तर म्हणाला, "काका, विश्वास नाही का?" या वाक्यावर मराठी माणूस शंभरदा बुडालाय. पाच हजार घेतले आणि हो म्हणालो.

पंचकाकांना कळलं. "एकदिवसीय सामना आहे. चेंडू पांढरा लागतो." बरोबरच होतं. पण पांढरं कंपाउंड म्हणजे नखरेल जात. पंचेचाळीस अंशांच्या वर गेलं की दाट होतं, गुठळ्या धरतं. भाऊबीज होऊन दोन दिवस झालेले, दोघी बायका गावाहून परतल्या नव्हत्या. शुक्रवारपासून मी, सौ., जावई आणि उरलेल्या दोघी असे दिवसरात्र उभे. दहा साचे, पस्तीस घाणे. रविवारी दुपारी दोनला नाणेफेक होऊन खेळ सुरू झाला तेव्हा शेवटचा खोका बंद केला.

भारत सर्वबाद 240. मी म्हटलं, गोलंदाजी आहे आपली. ऑस्ट्रेलियाच्या हेडने 137 केल्या. तो बाद झाला तेव्हा त्यांना दोनच धावा हव्या होत्या, आता बाद होऊन काय उपयोग! इव्हेंटवाल्याला फोन लावला, बंद. दहा वाजता लावला, बंद. सोमवारी उचलला. "काका, जिंकल्यावरची ऑर्डर होती ना? हरल्यावर कोण वाटणार?"

92,400 चा माल, हातात 5,000. चिलरचा हप्ता 5 तारखेला. सौ.च्या पाटल्या बँकेत गेल्या, ती काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. त्या बाईंनी म्हणे सगळ्यांकडून पूर्ण पैसे आगाऊ घेतले होते. तिथे मात्र त्या शहाण्या निघाल्या, मान्य करतो.

सोमवारी सकाळी सातला पंचकाका स्टीलचा डबा घेऊन हजर. साठ चेंडू घेतले, पूर्ण भावाने. घासाघीस नाही, सहानुभूती तर नाहीच. "तीन चेंडूंची शिवण वाकडी आहे," एवढं बोलले. घाईतले होते ते, मला माहीत होतं. बाकीच्यांचं टरफल फोडून, आतलं मळून, सुक्या खोबऱ्यात घोळवून एका मेसला सहा रुपयांनी दिले. मेसवाल्याने त्याचे 'नारळी लाडू' केले. पोरांनी खाल्ले.

1 मार्च 2024 ला पुणेरी पलटण हैदराबादला कबड्डी लीग जिंकली तेव्हा त्यांच्या रंगाच्या केशरी वड्यांनी पहिल्यांदा श्वास घेऊ दिला. जूनमध्ये पाटल्या सुटल्या. तोवर आमचा नियम ठरला होता, निम्मे पैसे ऑर्डरला आणि निम्मे खोका हलायच्या आधी. सामना हरो, पावसात जावो, विषय संपला. तुम्हीही हेच करा. भाच्याला उधार देऊ नका, त्याला तर मुळीच नाही.

29 जूनच्या रात्री टी-20 विश्वचषकाची फायनल भारत सात धावांनी जिंकला. रस्त्यावर फटाके, आणि साडेबाराला इव्हेंटवाल्याचा फोन. "काका, सकाळी पाचशे खोके होतील का?"

म्हटलं, "होतील. आधीचे 87,400 पाठवा." त्याने फोन ठेवला.

सकाळी पंचकाका आले. साठ चेंडू टेबलावर ओतले, एकेक उचलून चष्म्याजवळ नेला. अर्धा तास गेला. एक बाजूला ठेवला. "याला पाचच आहेत," म्हणाले आणि एकोणसाठांचे पैसे मोजले.

मी भिंग लावून पाहिलं. पाचच होत्या.