तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या बाथरूमला आतून कडी का नाही

आमच्याकडे पहिल्यांदा आलेला माणूस बाथरूममध्ये जातो, दार ओढून घेतो आणि लगेच परत उघडून विचारतो, अहो कडी कुठंय? दार बाहेर उघडतं, ते पॅसेजमधल्या वॉशिंग मशीनवर आपटतं, मग दुसरा प्रश्न, सुतारानं दार उलटं बसवलंय का. नणंदेनं विचारलं, लेकीच्या मैत्रिणींनी विचारलं, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी विचारलं. आजवर मी "राहून गेलंय" एवढंच म्हणत आले. राहून गेलेलं नाहीये. मी मुद्दाम काढून घेतलीये.

आमचं घर नेरुळला, जुनी सिडकोची बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. संडास वेगळा, बाथरूम वेगळं, मधे चार इंची भिंत. सासूबाईंना खाली बसवेना म्हणून ती भिंत पाडून एकच मोठं बाथरूम करायचं ठरलं, म्हणजे काम काढलं ते त्यांच्यासाठीच, हे आधी लक्षात घ्या. अँटिस्किड टाइल्स मी निवडल्या. जुना कोबा फोडून वॉटरप्रूफिंग केलं तेव्हा तीन दिवस पाणी तुंबवून ठेवून रोज खालच्यांच्या घरी जाऊन सीलिंगला ओल आलीये का ते बघत होते. उतार नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, जातोय का ते स्वतः बादली ओतून तपासलं. एवढं सगळं बघितलं, आणि दार बसवताना सुतारानं विचारलं, "भाभी, दरवाजा बाहर खोलेगा या अंदर?" तर मी गॅसपाशी उभी राहून, मान सुद्धा न वळवता म्हटलं, अंदर, बाहर मशीन है. 

शनिवार होता, दिवाळीला तीन आठवडे राहिलेले. सोसायटीत ठोकाठोक दहा ते एक आणि चार ते सहा एवढीच चालते आणि रविवारी अजिबात नाही, त्यामुळे त्या तीन तासांत किचनच्या ट्रॉल्या बसवून घ्यायच्या, इलेक्ट्रिशियनकडून गीझरचं सोळा अँपिअरचं सॉकेट करून घ्यायचं, नवरा लेकीला चित्रकलेच्या क्लासला सोडायला गेलेला, सिलेंडरवाला खालून बेल मारतोय, आणि मी पाच माणसांच्या चहाचं आधण ठेवून ट्रॉलीचं चॅनेल कमी पडलं म्हणून दुकानदाराशी फोनवर भांडतेय. आई म्हणाल्या, मी आंघोळ करून घेते गं. मी हो म्हटलं. बाथरूममध्ये टाइल्सच्या फटींत ग्राउट कालच भरून झालं होतं, फरशीवर व्हाइट सिमेंटची पावडर तशीच होती, पाणी पडलं की तिचा बुळबुळीत थर होतो. पुसून घ्यायला हवं होतं. धरायचा स्टीलचा दांडा आणलेला होता, तो पॅकेटमध्येच होता, शेवटी लावू म्हणून.

किती वेळ गेला ते मला अजून नीट सांगता येत नाही. वीस मिनिटं असतील. किचनमध्ये ड्रिल चालू होतं. चहा गाळला, कप मोजले, आणि आईंचा कप उरला तेव्हा लक्षात आलं.

हाक मारली तर आतून एवढंच आलं, "अगं, त्यांना बाहेर जायला सांग." मला कळेचना. त्या दाराला टेकून पडल्या होत्या. सुतारानं धक्का देऊन कडी उखडली तरी दार चार बोटांच्या वर सरकेना, जोर लावला की त्या कळवळायच्या. बिजागऱ्या आतल्या बाजूला, त्यामुळे दार काढताही येईना. शेवटी त्यानं फायबरच्या दाराच्या वरच्या भागाला भोकं पाडून हातकरवतीनं अर्धं दार कापलं, आणि त्याचा हेल्पर, अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, तिथून आत उतरला. आधी मी माझी ओढणी आणि चादर आत टाकली. त्यानं तोंड भिंतीकडे करून, मागे हात करून चादर त्यांच्या अंगावर घातली. मग त्यांना थोडं सरकवून दार उघडलं. उजवा पाय आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेर वळलेलं. १०८ आली, आणि तिसऱ्या मजल्यावरून त्या अरुंद जिन्यानं स्ट्रेचर उतरवायला आमच्याकडचे कामगारच धावले. खुब्याचं हाड मोडलं होतं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून खुब्याच्या सांध्याचा बॉल बदलला.

मी सगळ्यांना सांगत राहिले की ड्रिलमुळे ऐकू आलं नाही. दोनेक महिन्यांनी वॉकरवर चालायला लागल्यावर आईंनी सांगितलं, मी हाक मारलीच नव्हती. अंगावर कपडा नव्हता आणि घरात चार परके पुरुष. ड्रिल थांबायचं तेव्हा त्यांना आमचं बोलणं ऐकू येत होतं.

म्हणून दार बाहेर उघडणारं केलं आणि कडी काढली. बरोबर केलं, असं मी म्हणते. मशीन तेव्हाच सरकवता आलं असतं, हेही म्हणते. तेव्हा मला काय माहीत होतं, असं स्वतःला सांगते आणि मग तो सुतार आठवतो, विचारलं होतं त्यानं.

पण खरं सांगायचं तर कडी काढलेली आईंनाच आवडलेली नाहीये. ज्या लाजेपायी त्या गप्प पडून राहिल्या तीच लाज मी उघड्यावर टाकली, असं त्या म्हणत नाहीत, पण आंघोळीला जाताना बाहेरच्या हँडलला टॉवेल अडकवतात, आणि पाहुणे असले की आंघोळच टाळतात. लेक चौदाची आहे, ती तर सरळ भांडते. नवरा म्हणतो, बाहेरून नाण्यानं उघडणारं लॉक मिळतं, ते लाव, संपला विषय. लॉक आणलंय. चार महिने ड्रॉवरमध्ये पडलंय. दार बाहेर उघडतंय, दांडा लागलाय, लॉक बाहेरून उघडता येतं, म्हणजे भीतीचं कारण उरलेलं नाही हे मला कळतं. तरी सुताराला फोन लावायचा म्हटलं की मी दुसरंच काम काढते. नाणं शोधायला किती वेळ लागेल, हाच विचार येतो.

परवा लेकीनं आतून हँडलला ओढणी बांधून तिचं दुसरं टोक नळाला बांधलं होतं. ती शाळेला गेल्यावर मला दिसलं, टोक तसंच लोंबत होतं. मी ती गाठ सोडली नाही. तिला विचारलंही नाहीये अजून.