साम्राज्य बदललं, खंड सुटला नाही

बोस्नियाची राजधानी सारायेव्हो, तिथल्या फेर्हादिया रस्त्यावर दोन साम्राज्यं एकमेकांना खेटून उभी आहेत. पूर्वेला बाश्चार्शिया या जुन्या बाजारपेठेतली बुटकी दुकानं, तांबटांची ठोकठोक आणि गाझी हुस्रेव बेगच्या मशिदीजवळचा घड्याळाचा मनोरा. त्याचे काटे आजही जुन्या ऑटोमन, म्हणजे तुर्की, पद्धतीने फिरतात. सूर्य मावळला की बारा! दिवस लहान-मोठा होईल तसं ते घड्याळ हाताने लावून घ्यावं लागतं. तिथून थोडं पश्चिमेला गेलं की थेट व्हिएन्नाच्या थाटाच्या उंच इमारती.

ऑटोमनांनी बोस्निया १४६३ मध्ये जिंकला. १८७८ च्या बर्लिन करारानंतर तो ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यात गेला आणि १९०८ मध्ये त्यांनी तो रीतसर आपल्या राज्याला जोडला. ट्राम आली, रेल्वे वाढली, जमिनीची मोजणी झाली. पर्यटकांना हेच दाखवतात. पण इथे राहून वाचत गेले तशी माझी खात्री होत गेली, की बोस्नियाचा खरा इतिहास शेतात आहे.

इथला क्मेत म्हणजे आपल्याकडचं कूळ. सरकारचा दहावा हिस्सा गेला, की उरलेल्यातला साधारण तिसरा हिस्सा खंड म्हणून जमीनदार आगाला. आगा बहुतेक मुसलमान, कुळं बहुतेक ऑर्थोडॉक्स सर्ब. त्यामुळे खंडाच्या भांडणाला धर्माचा रंग चढायला वेळ लागत नसे. १८७४ मध्ये पीक बुडालं, तरी वसुली थांबली नाही. पुढच्याच वर्षी दक्षिणेचा हर्जेगोव्हिना बंडाने पेटला आणि त्याच वणव्यातून पुढे बर्लिनचा करार झाला.

आता कुळांची सुटका होईल, असं कोणालाही वाटेल. तसं झालं नाही. आगांना दुखवायचं नाही म्हणून व्हिएन्नाने ती व्यवस्था जवळपास तशीच ठेवली. १९११ च्या कायद्याने जमीन सोडवून घ्यायला कर्ज मिळू लागलं, पण त्यालाही मालकाची संमती हवी!

लॅटिन पुलापाशी लोक फोटो काढतात. २८ जून १९१४ रोजी तिथे ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड यांच्यावर गोळ्या झाडणारा गाव्रिलो प्रिन्सिप हा ओब्ल्याय गावच्या अशाच एका कुळाचा मुलगा. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे, खेड्यांत काय चाललंय ते मला ठाऊक आहे, असं त्याने कोर्टात सांगितलं होतं. त्या पुलावर उभं राहून हे कोणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कुळं सुटली ती १९१९ मध्ये, नव्या युगोस्लाव्ह राज्यात. त्याच सुमारास अनेक मुसलमान जमीनदारांवर हल्ले झाले आणि कित्येक घराणी कायमची कंगाल झाली.