दप्तरावरचं यंत्र

शाळकरी मुलांच्या दप्तराला धूलिकण मोजणारं छोटं यंत्र लावायचं आणि दुसऱ्या दिवशी काढून आणायचं, हे माझं काम. आतला पंखा हवा ओढतो, लेझरचा प्रकाश कणांवर पडून विखुरतो, त्यावरून दर मिनिटाला आकडा मिळतो. दमट हवेत तो फुगतो, म्हणून पावसाळ्यात हे आम्ही करतच नाही.

डिसेंबरात इंदूरच्या राजेंद्र नगरात एका घरी गेले. मुलगा तिसरीत, आई-बाबा नोकरीला, सगळा कारभार आजोबांकडे. यंत्र पाहताच ते म्हणाले, “अहो बाई, २०२३च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात आपलं इंदूर मोठ्या शहरांत पहिलं आलंय. तुम्ही ग्वाल्हेरला जा!”

अभिमान खोटा नव्हता. पण त्या सर्वेक्षणात मुख्यतः महापालिकेनं काय काय उपाय केले याचे गुण असतात. पोराच्या नाकाशी दिवसभर काय येतं, ते कोण मोजणार?

दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर आलेख उघडला. मुलगा माझ्याही पुढे. “ताई, हा डोंगर म्हणजे व्हॅन!” बरोबर होतं त्याचं. शाळेच्या फाटकाशी सात-आठ व्हॅन इंजिन चालू ठेवून उभ्या असतात आणि पोरं त्यांच्या मधून, मागून वाट काढत आत शिरतात. सायलेन्सर आपल्यापेक्षा त्यांच्या नाकाच्या जास्त जवळ असतो. त्यातून लहान मूल वजनाच्या मानानं मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतं. हे आम्ही प्रशिक्षणात घोकलेलं. फाटकावर उभं राहून पाहिल्यावर पोटात गोळा आला.

सकाळी एक टोक होतं. “फोडणी,” आजोबा लगेच म्हणाले. नोंदवहीत त्या वेळेला ‘आजोबांची पूजा, धूप’ असं पोरानं सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं. आजोबांनी चष्मा पुसला. खिडकी उघडी असल्यामुळे तो आकडा लवकर उतरला होता.

रात्रीचा मात्र उतरेचना. नऊच्या सुमाराला रेघ चढली ती पहाटेपर्यंत वरच. आपल्याकडे अडीच मायक्रॉनहून बारीक कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१मध्ये आपली १५वर आणली. ही रेघ दोन्हींच्या कितीतरी वर. डासांची कॉइल, दारं-खिडक्या गच्च बंद आणि कॉटखाली ठेवलेलं दप्तर! २००३च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणाऱ्या बारीक कणांचं वजन ७५ ते १३७ सिगारेटींइतकं भरलं होतं. हे सांगितल्यावर आजोबा एवढंच म्हणाले, “आणि मी घरात कुणाला विडी ओढू देत नाही.”

माळ्यावरची मच्छरदाणी त्याच संध्याकाळी खाली आली. धुपाबद्दल मी काही बोलले नाही. तेवढा मान राखायला हवा.

व्हॅनचं सोपं नव्हतं. चालकाला म्हटलं, भैया, उभी असताना बंद करत जा. तो म्हणाला, सेल्फ गेलाय, बंद केली तर ढकलावी लागेल, धक्का तुम्ही मारणार का? खरंच होतं त्याचं. शाळेला लेखी कळवलंय की व्हॅन फाटकापासून लांब, मैदानाच्या बाजूला उभ्या करा. उत्तर यायचंय. तोवर आजोबा नातवाला कोपऱ्यावरच उतरवून घेतात आणि शेवटचा तुकडा पायी नेतात.